वर्ध्याचे पेढीवाले शेठ जमनालालजी बजाज

देवळाचा जीर्णोद्धार निघाला की गावात सर्वांत आधी पावतीपुस्तक फिरू लागते. कोणी पाच पोती सिमेंट लिहून देतो, कोणी एका खांबाचा खर्च उचलतो, तर कोणी मोलमजुरी करणारी माउली पदराच्या गाठीतली नोट सोडून ठेवते. आपल्या वऱ्हाडात ही रीत फार जुनी आहे. वाशीमचे श्रीबालाजीचे भव्य देवालय अठराव्या शतकात साबाजी भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी बांधविले. श्रीनृसिंहसरस्वतींच्या जन्मस्थानामुळे पावन झालेल्या कारंज्यास कापसाच्या व्यापाराने पैसा आला आणि त्यातला काही पैसा देवाधर्माकडे वळला. देणाऱ्याचे नाव दगडावर कोरले जाते हेही खरे. परंतु आपल्या विदर्भात असा एक धनिक होऊन गेला की, ज्याने आजोबांनी बांधलेल्या देवळाला नवा कळस चढविण्याऐवजी त्याचे दार सर्वांसाठी उघडले, आणि त्या कृत्यासाठी स्वतःच्याच समाजाचा रोष पत्करला. त्यांचे नाव शेठ जमनालालजी बजाज. मंदिर जीर्णोद्धाराच्या या शुभ प्रसंगी त्यांचे चरित्र आपल्या भाविक वाचकांपुढे ठेवणे उचित होईल.

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानातील सीकरजवळच्या काशी का बास या लहानशा गावी झाला. वडिलांचे नाव कनीराम, आईचे बिरदीबाई. घरची स्थिती बेताची. तो मुलूख रेताड. पाणी फार खोल, आणि एक विहीर खणावयाची तर साऱ्या गावाची कमाई त्यात जाईल अशी परिस्थिती. वर्ध्यास व्यापार करणारे शेठ बच्छराज त्याच भागातले. त्यांचा मुलगा अकाली वारला होता आणि घराण्याचे नाव चालविण्यास कोणी उरले नव्हते. देशी आले असता बच्छराज शेठजी व त्यांच्या पत्नी सदीबाई यांना कनीरामांचा हा लहान मुलगा आवडला. त्यांनी त्यास नातू म्हणून दत्तक मागितले. १८९४ च्या सुमारास, म्हणजे पाचव्या वर्षी, हे मूल आईवडिलांची कूस सोडून शेकडो कोस दूर वर्ध्यास आले.

यात एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. लक्षाधीश माणूस मूल मागतो आहे म्हटल्यावर गरीब बापाने काही रक्कम मागितली असती तर लोकांनी त्याला दोष दिला नसता. कनीरामांनी स्वतःसाठी काही घेतले नाही. गावाला पाणी मिळावे म्हणून बच्छराज शेठजींनी तेथे विहीर बांधून दिली, एवढाच काय तो मोबदला. एका मुलाच्या बदल्यात अख्ख्या गावाला पाणी. पुढे जमनालालजींच्या हातून जी सार्वजनिक कामे झाली, त्यांचा आरंभ त्यांना कळते वय येण्याच्या आधीच त्या विहिरीपासून झाला होता, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र त्या माउलीला काय वाटले असेल, ते कोणत्याच कागदावर उतरलेले नाही.

वर्धा हे त्या वेळी नवे शहर. १८६६ साली पालकवाडी या खेड्याच्या जागी ते आखून वसविले होते. आजूबाजूचा मुलूख कापसाचा, जवळच हिंगणघाटची प्रसिद्ध बाजारपेठ, आणि मुंबईस जाणारी रेल्वे दाराशी. अशा गावांत आजच्यासारख्या बँकेच्या शाखा नव्हत्या. पेढी हीच बँक. पेरणीच्या वेळी शेतकऱ्यास कर्ज पेढीवर मिळे, हंगामात कापसाचा पैसा पेढीवरून फिरे, परगावी रक्कम पाठवावयाची तर हुंडी पेढीवर लिहिली जाई, आणि विधवेची चार शिलकीची नाणीही विश्वासाने पेढीवरच ठेव म्हणून राहत. पेढीवाला सरळ असला तर गाव तरे, वाकडा असला तर बुडे. सावकार या शब्दाला आपल्याकडे कडवट चव आली ती काही उगाच नाही. कारंज्यास १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, तो देशातील पहिला म्हणून सांगतात. शेतकऱ्याच्या मापात व भावात खोट होऊ नये म्हणून असे बंधन घालावे लागले, यावरूनच तो काळ समजावा. बच्छराज शेठजींची पेढी अशा काळात नावारूपाला आलेली होती.

जमनालालजींचे शालेय शिक्षण फारसे झाले नाही. १८९६ ते १९०० अशी चार वर्षे ते वर्ध्याच्या शाळेत गेले आणि मराठी चौथीपर्यंत शिकले. मातृभाषा मारवाडी, शाळा मराठी, वह्या पेढीच्या. पुढील सारे शिक्षण गादीवर बसून, मुनिमांच्या शेजारी झाले. १९०२ साली त्यांचा विवाह जावरा येथील जानकीदेवींशी झाला. त्या वेळी वर बारा-तेरा वर्षांचा आणि वधू त्याहूनही लहान होती. त्या काळची ती रीत होती.

यानंतरचा प्रसंग त्यांच्या आयुष्यातला फार मोठा. जमनालालजी सतराच्या आसपास असतील. एका लग्नास जावयाचे होते आणि घराण्याच्या इभ्रतीप्रमाणे अंगावर दागिने घालावेत असा बच्छराज शेठजींचा आग्रह होता. मुलाला ते रुचेना. म्हाताऱ्याचा पारा चढला आणि रागाच्या भरात, हा आपल्या पैशावर डोळा ठेवून राहिला आहे अशा अर्थाचे काही बोल त्यांच्या तोंडून निघून गेले. दत्तक मुलाच्या मनाला यापेक्षा जास्त लागणारे काय असते? जमनालालजींनी उलट उत्तर केले नाही. त्यांनी स्टॅम्प कागद घेतला, आजोबांच्या मालमत्तेवर आपला कसलाही हक्क नाही व पुढेही राहणार नाही असे लिहून दिले, आणि अंगावरच्या कपड्यानिशी घर सोडले. पत्रात शेठजींविषयी राग नव्हता. धनापायी मन बिघडते म्हणून त्यांनी ते चांगल्या कामी लावावे, अशी विनंती मात्र होती.

कचेरीत हक्कसोडपत्रे पुष्कळ होतात. बहीण भावाच्या नावे करते, कोणी कर्जापायी करतो, कोणी भांडणाला कंटाळून करतो. पण सतरा वर्षांच्या पोराने लाखोंच्या इस्टेटीचे हक्कसोडपत्र आपणहून, कोणाच्या धाकाशिवाय लिहून द्यावे, अशी उदाहरणे बोटावर मोजण्यासारखीच सापडतील. बच्छराज शेठजी हादरले. त्यांनी माणसे पाठवून शोध घेतला, समजूत काढून नातवाला परत आणले. मुलगा परतला, परंतु एकदा सोडलेला हक्क त्याने मनातून पुन्हा कधी धरला नाही. १९०७ साली बच्छराज शेठजी निवर्तले आणि सारी पेढी या तरुणाच्या हाती आली. लोकांच्या दृष्टीने तो मालक झाला. त्यांनी स्वतः मात्र त्या संपत्तीचा हिशेब करून ती आपली नव्हे, धर्मादायाची आहे असे मानले आणि त्याप्रमाणे आयुष्यभर ती देत राहिले. विश्वस्त हा शब्द गांधीजींनी पुढे पुष्कळ प्रचारात आणला. जमनालालजी त्यांना भेटण्याच्या किती तरी आधीपासून तसे वागत होते.

देण्याची सवय लहानपणापासूनच होती. रोजच्या खर्चासाठी त्यांना एक रुपया मिळे. तो साठवून झालेले शंभर रुपये त्यांनी लोकमान्य टिळकांच्या केसरीची हिंदी आवृत्ती नागपुरास निघावयाची होती तिला पाठवून दिले. पुढे लाखो रुपये देताना जो आनंद झाला नाही तो त्या शंभर रुपयांनी दिला, असे ते मोठेपणी सांगत. हे आपल्या पावतीपुस्तकातही दिसते; मोठ्या आकड्यापेक्षा कधी कधी लहान आकडाच जास्त जड असतो.

पेढी हाती आल्यावर त्यांनी व्यापार टाकला नाही, उलट वाढविला. कापूस, जिनिंग, प्रेसिंग, पुढे मुंबईचा कारभार, १९३१ साली उत्तर प्रदेशात गोला गोकर्णनाथ येथे साखर कारखाना, असा त्यांचा पसारा होता. आज बजाज म्हटले की लोकांना स्कूटर आठवते. तिचा कारखाना त्यांच्या पश्चात झाला. १९०८ साली सरकारने त्यांना ऑनररी मॅजिस्ट्रेट नेमले. वय अवघे एकोणीस. पुढे रावबहादुराच्या तोडीची रायबहादूर ही पदवीही मिळाली. पदवीवाला सावकार म्हणून सुखासमाधानात आयुष्य काढण्याची सर्व सोय झाली होती.

परंतु त्यांचे लक्ष गावाकडे लागलेले होते. वर्ध्यास शिकावयाचे तर खेड्यातल्या मुलाने राहावे कोठे, हा पहिला प्रश्न. म्हणून १९१० साली त्यांनी विद्यार्थी वसतिगृह काढले. मग शाळा काढली. १९१४ साली शिक्षा मंडळाची स्थापना झाली. नावात आरंभी मारवाडी शब्द होता, कारण पैसा त्या समाजातून गोळा केला होता. पण पुढे शाळेचे नाव नवभारत विद्यालय झाले. जो माणूस स्वतः चौथीपलीकडे गेला नाही, त्याने गावात हायस्कूल उभे केले आणि १९४० साली गोविंदराम सेकसरियांच्या देणगीतून वाणिज्य महाविद्यालयही सुरू करविले. दुसऱ्या धनिकाला देण्यास उद्युक्त करणे ही स्वतः देण्याहून अवघड कला, ती त्यांना साधली होती. वर्गणीसाठी ज्यांनी दारोदार चपला झिजविल्या आहेत त्यांना याचा अर्थ सांगावयास नको. याच विद्यालयाच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिक्षण देण्याची नई तालीम योजना तेथून देशभर गेली. पुढे राष्ट्रपती झालेले डॉ. झाकिर हुसेन त्या योजनेच्या समितीचे अध्यक्ष होते.

गांधीजी १९१५ साली आफ्रिकेहून परतल्यावर जमनालालजी त्यांच्या आश्रमात जाऊ लागले. साधुसंतांच्या, पुढाऱ्यांच्या शोधात ते आधीपासून होते. अनेकांकडे गेले, पण मन कोठे ठरले नाही. बोलणे आणि वागणे यांत अंतर नसलेला माणूस त्यांना हवा होता. तो साबरमतीस सापडला. १९२० च्या डिसेंबरात नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन झाले. स्वागताध्यक्ष जमनालालजी होते. त्या वेळी त्यांनी गांधीजींकडे एक विलक्षण मागणी केली, की आपल्याला त्यांनी पाचवा पुत्र मानावे. गांधीजींना चार मुलगे होते. गांधीजींनी ते मान्य केले आणि पुढे सुमारे एकवीस वर्षे त्यांची पत्रे चिरंजीव जमनालाल या मायन्याने येत राहिली. एकदा दत्तक गेल्यावर मनस्ताप भोगलेला माणूस आपणहून दुसऱ्यांदा दत्तक गेला. या वेळी मात्र इस्टेट घेण्यासाठी नव्हे, देण्यासाठी.

असहकाराच्या चळवळीत त्यांनी रायबहादुरी परत केली. वकिली सोडणाऱ्या वकिलांच्या चरितार्थासाठी एक लाख रुपये दिले. १९२१ सालचे लाख रुपये म्हणजे किती याचा अंदाज ज्याने त्याने करावा. सरकारी कोर्टावर बहिष्कार टाकल्यावर पेढीच्या येण्याचे दावे चालविणेही सोडले. सावकाराने दावा सोडणे म्हणजे शेतकऱ्याने बैल सोडण्यासारखे. मुनिमांना हे पटले नसणार. वहीत येणे दिसते आहे आणि मालक म्हणतो कोर्टात जावयाचे नाही! जानकीदेवींनीही पडदा सोडला, अंगावरचे सोने उतरविले आणि घरातल्या विलायती कपड्यांची होळी केली. पेढीवाल्या घराण्यातील सुनेने हे करणे त्या काळी सोपे नव्हते. १९२६ साली थोरल्या मुलीचे, कमलाचे लग्न साबरमती आश्रमात अगदी साधेपणाने झाले. ज्यांच्या घरी हत्तीघोडे आणता आले असते त्यांनी ते टाळले, ही गोष्ट आजही लग्नापायी शेत गहाण टाकणाऱ्यांनी ऐकण्यासारखी आहे.

त्यांच्याच विनंतीवरून साबरमतीच्या सत्याग्रह आश्रमाची शाखा वर्ध्यास निघाली आणि ८ एप्रिल १९२१ रोजी विनोबाजी वर्ध्यास आले. वयाने विनोबा सहा वर्षांनी लहान. पण जमनालालजी त्यांना गुरुस्थानी मानीत.

१९२३ साली नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला. तिरंगी झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे जावयाचे नाही असा हुकूम होता. तो मोडण्यासाठी गावोगावचे स्वयंसेवक आले आणि जमनालालजी पुढाऱ्यांत होते. त्यांना अठरा महिन्यांची सजा आणि तीन हजारांचा दंड झाला. दंड त्यांनी भरला नाही, म्हणून सरकारने त्यांची मोटार जप्त केली. लिलाव पुकारला तर नागपुरात बोली बोलावयास कोणी पुढे येईना! जप्तीच्या मालाला गिऱ्हाईक न मिळणे, ही त्या माणसावरील लोकांच्या प्रेमाची पावतीच होती. पुढे समेट होऊन सत्याग्रही लवकर सुटले.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख मुख्यतः लिहिला, त्याकडे वळू. बच्छराज शेठजींनी हयातीच्या अखेरीस वर्ध्यात श्रीलक्ष्मीनारायणाचे सुंदर मंदिर बांधले होते. १९०७ च्या सुमारास ते पूर्ण झाले. घराण्याचे मंदिर, घराण्याचा पैसा, पूजाअर्चा व्यवस्थित. पण त्या काळच्या सर्वच देवळांप्रमाणे ज्यांना अस्पृश्य म्हणून बाजूस ठेवले होते त्यांना आत येण्यास मनाई. त्यांनी वाटेवरून कळसाचे दर्शन घ्यावे. जो राजगिरीच्या हाताखाली दगड वाहील, चुना मळील, त्याला देव घडल्यावर देवाजवळ जाता येत नसे, हा प्रकार गावोगावी होता, आणि आपल्या भागातही होता, हे लपविण्यात अर्थ नाही.

वारे बदलू लागले होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षी आपल्या वऱ्हाडात अमरावतीच्या श्रीअंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी डॉ. पंजाबराव देशमुखांनी कंबर कसली आणि बाबासाहेबही अमरावतीस येऊन गेले. हक्क मागणाऱ्यांनी हक्क मागावयास सुरुवात केली होती. प्रश्न उरला तो ज्यांच्या हातात किल्ल्या होत्या त्यांचा. बहुतेक ठिकाणी विश्वस्तांनी किल्ल्या कमरेला घट्ट बांधल्या, कोर्टकचेऱ्या केल्या, पोलीस बोलावले. जमनालालजींनी आपल्या हातातील किल्लीचा विचार केला.

मंदिर घराण्याने बांधले असले तरी त्यांनी एकट्याने हुकूम काढला नाही. विश्वस्त मंडळींशी बोलणी केली, समजूत घातली. यास वेळ लागला. अखेर जुलै १९२८ मध्ये वर्ध्याचे श्रीलक्ष्मीनारायण मंदिर सर्व जातींच्या लोकांसाठी खुले झाले. दलित बांधव गाभाऱ्यासमोर उभे राहिले, दर्शन घेतले, तीर्थप्रसाद घेतला. आकाश कोसळले नाही. मूर्ती जागची हलली नाही. जातीच्या कारणावरून ज्यांना बाहेर ठेवले होते त्यांना देशात इतक्या नामांकित खाजगी मंदिराने आपणहून आत घेतल्याची उदाहरणे त्यापूर्वी फारशी नव्हती, आणि म्हणून वर्ध्याचे नाव साऱ्या हिंदुस्थानात गेले.

पण घरच्या समाजात काय झाले? जुन्या वळणाच्या मंडळींनी नाके मुरडली. बहिष्काराची भाषा झाली. काहींनी येणे-जाणे, जेवणखाण बंद केले. पेढीवाल्याला बहिष्कार म्हणजे नुसता पंक्तीचा प्रश्न नसतो. त्याची पत, त्याची हुंडी, मुलामुलींची सोयरीक, सगळे समाजावर चालते. जमनालालजींनी कोणाशी भांडण काढले नाही, पण दारही पुन्हा लावले नाही. स्वयंपाकघर, विहीर, नोकरचाकर, कोठेच त्यांनी भेद ठेवला नाही. म्हणजे देवळात एक आणि घरात दुसरे, असा प्रकार नव्हता. काँग्रेसच्या अस्पृश्यता निवारण समितीचे काम त्यांच्याकडे आले तेव्हा ते ठिकठिकाणच्या देवळांच्या पंचांना भेटू लागले. १९२९ साली एलिचपूरचे, म्हणजे आपल्या अचलपूरचे, दत्तमंदिर खुले झाले, त्यातही त्यांचा वाटा होता. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी गांधीजींची प्रसिद्ध हरिजन यात्रा निघाली ती वर्ध्याहूनच, आणि ती वऱ्हाडातूनही गेली. हेही सांगितले पाहिजे की केवळ धनिकांचे मन वळवून हा प्रश्न सुटला नाही. नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर बाबासाहेबांच्या अनुयायांना १९३० पासून पाच वर्षे सत्याग्रह करूनही दार उघडले गेले नाही. पंढरपूरच्या विठोबासाठी साने गुरुजींना १९४७ साली प्राण पणाला लावावे लागले. शेवटी कायदा आला, राज्यघटना आली. पण कायदा येण्याच्या कितीतरी वर्षे आधी ज्याने आपल्या हातातले कुलूप स्वतः काढले, त्याची नोंद वेगळी ठेवावी लागते.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात मुंबईजवळ विलेपार्ले येथे छावणी उभारून त्यांनी कायदा मोडला आणि पुन्हा तुरुंगात गेले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर प्रवचन देत आणि साने गुरुजी ती लिहून घेत, हे पुष्कळांस माहीत आहे. ऐकणाऱ्या कैद्यांत जमनालालजीही बसलेले असत. लक्षाधीश शेठ तुरुंगाच्या सतरंजीवर आणि गीता मराठीत. वर्ध्याच्या मराठी शाळेतली ती चार वर्षे तेथे कामी आली म्हणावयाची.

दांडीयात्रेस निघताना गांधीजींनी स्वराज्याशिवाय साबरमतीस परतणार नाही असे ठरविले होते. मग राहावयाचे कोठे? जमनालालजींचा आग्रह वर्ध्याचा होता. १९३४ मध्ये गांधीजी वर्ध्यास येऊन राहिले. ग्रामोद्योग संघासाठी जमनालालजींनी आपला बगीचा, त्यातील इमारत व सुमारे वीस एकर जागा देऊन टाकली. तिला मगनवाडी नाव मिळाले. तेथे तेलघाणी, हातकागद, मधमाश्या असे उद्योग सुरू झाले. धाम नदीच्या काठचा पवनारचा बंगला पुढे १९३८ साली विनोबांच्या कामी आला. वर्ध्यापासून पाच मैलांवरच्या शेगाव या खेड्यात गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी राहावयास गेले. या गावाची बहुतेक मालगुजारी जमनालालजींकडे होती. आपल्या वऱ्हाडात रयतवारी. शेतकऱ्याच्या नावे खाते आणि शेतसारा थेट सरकारात. वर्ध्याकडे मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा मालगुजार भरणार आणि गावावर वजनही त्याचेच. ही पद्धत १९५१ साली संपली. तेव्हा गावच्या मालगुजाराने गावात आश्रम होऊ देणे, त्यासाठी जमीन देणे, यात काय आले ते जुन्या माणसांना उमगेल. या शेगावची टपाले श्रीगजानन महाराजांच्या शेगावास जाऊ लागली, मोठा घोटाळा होई, म्हणून १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम झाले.

यानंतर वर्धा म्हणजे जणू देशाची राजधानीच. काँग्रेस कार्यकारिणीच्या बैठका जमनालालजींच्या बजाजवाडीत भरत. नेहरू, पटेल, राजेंद्रबाबू, मौलाना आझाद, सारे त्या अंगणात उतरत. पाहुण्यांची गाडी, अंथरूण, पथ्याचे जेवण, परतीचे तिकीट, इथपर्यंत शेठजी लक्ष घालीत. १९२० पासून अखेरपर्यंत ते काँग्रेसचे खजिनदार होते. लाखो रुपये हातातून गेले आणि त्यांच्या हिशेबाबद्दल कोणी बोट दाखविले नाही. सार्वजनिक पैशाचा जमाखर्च चोख ठेवणे हे काम मिरवण्यासारखे नसते. त्याला हारतुरे मिळत नाहीत. पण त्याच्याविना संस्था टिकत नाही, हे देवस्थानाच्या पंचांनाही ठाऊक आहे.

जमनालालजी दोषरहित होते असे त्यांनी स्वतःही कधी म्हटले नाही. मनाची अस्वस्थता, राग, मोह, यांची कबुली ते गांधीजींना व विनोबांना पत्रांतून देत. कामाचा व्याप फार, त्यामुळे प्रकृती ढासळली. जयपूर संस्थानात प्रजेच्या हक्कांसाठी लढताना १९३९ साली त्यांना महिनोन्महिने स्थानबद्ध राहावे लागले. १९४०-४१ च्या वैयक्तिक सत्याग्रहात पुन्हा तुरुंग झाला. बाहेर आल्यावर राजकारणात मन लागेना. डेहराडूनला आनंदमयी मातांच्या सहवासात काही दिवस राहिले, तेथे शांती मिळाली. परत येऊन त्यांनी उरलेले आयुष्य गोसेवेला द्यावयाचे ठरविले. सप्टेंबर १९४१ मध्ये गोसेवा संघ निघाला. वर्ध्यालगत गोपुरी येथे साधी झोपडी बांधून ते राहू लागले. बंगल्यात पाहुणे आणि मालक झोपडीत, असा तो देखावा होता. गाय नुसती पुजावयाची नाही, तिला पोटभर चारा, चांगली पैदास, दुधाला भाव हवा, असे त्यांचे सांगणे होते. १ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्यास गोसेवा परिषद झाली.

त्यानंतर दहाच दिवसांनी, ११ फेब्रुवारी १९४२ रोजी, मेंदूत रक्तस्राव होऊन ते अकस्मात गेले. वय बावन्न. सेवाग्रामहून गांधीजी धावत आले, पण भेट झाली नाही. पाचव्या पुत्राचे अंत्यदर्शन त्या वृद्ध पित्याला घ्यावे लागले. गोपुरीच्या भूमीतच दहन झाले. गांधीजींनी जानकीदेवींना रडत न बसता पतीचे काम पुढे चालविण्यास सांगितले. आणि त्या माउलीने आपल्या नावची संपत्ती गोसेवेला अर्पण केली व संघाची जबाबदारी खांद्यावर घेतली.

जानकीदेवी पुढे सदतीस वर्षे जगल्या. १९५६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. विनोबांची भूदान यात्रा सुरू झाल्यावर त्या पायी हिंडल्या. भूदानात जमीन मिळे, पण पाणी नसेल तर भूमिहीनाने ती कसावी कशी? म्हणून त्यांनी कूपदानाचे काम विशेष हाती घेतले. गावोगावी श्रीमंतांकडे जाऊन त्या विहिरीसाठी पैसा मागत. काशी का बासच्या त्या विहिरीच्या बदल्यात आलेल्या मुलाची ही पत्नी, पदर पसरून विहिरी मागत फिरत होती.